प्रतिकारशक्ती वाढवायची म्हणजे नेमकं काय वाढवायचं?

माझ्या वहिनीला आमवात आहे. सकाळी उठल्यावर पहिला तासभर तिची बोटं मिटत नाहीत. दुधाचं पातेलं ती दोन्ही तळहातांत धरून उतरवते. २०२० च्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंनी तिला गुळवेलीचा काढा सुरू करून दिला. "तुझी प्रतिकारशक्ती कमी झालीय गं, म्हणून सांधे धरतात. ती वाढव, आपोआप सुटतील." सांगण्यात निखळ माया होती. गुळवेलही त्यांनी गावाहून मुद्दाम मागवली होती. त्याच सुमारास कुणीतरी म्हणालं की वहिनीची आमवातावरची, आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी 'प्रतिकारशक्ती मारते', मग साथीच्या दिवसांत ती कशाला घ्यायची? वहिनीने डॉक्टरांना न विचारता गोळी थांबवली. गणपतीत तिला मोदक वळता आले नाहीत. दिवाळीत जिना उतरता येईना.

दोन्ही सल्ल्यांच्या मुळाशी समजूत एकच होती. शरीरात प्रतिकारशक्ती नावाची एक टाकी आहे. ती भरलेली असली की माणूस ठणठणीत, रिकामी झाली की आजारी. वहिनीच्या सांध्यांत मात्र प्रतिकार कमी पडत नव्हता. तो नको तिथे, नको तितका चालू होता. तिच्या पांढऱ्या पेशी तिच्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडल्या होत्या, आणि तो हल्ला चालू ठेवणाऱ्या निरोपांपैकी एकाचं नाव आहे इंटरल्युकिन-६.

'प्रतिकारशक्ती वाढवा' ही भाषा मला नुसती ढोबळ वाटत नाही, ती घातक वाटते. डब्यांवरून, जाहिरातींतून आणि सरकारी पत्रकांतूनही ती गेली पाहिजे. मार्च २०२० च्या अखेरीस केंद्राच्या आयुष मंत्रालयाने काढलेल्या सूचनापत्राच्या शीर्षकातच प्रतिकारशक्ती वाढवण्याचे उपाय होते, तेव्हा दोष एकट्या विक्रेत्यांच्या पदरात टाकता येणार नाही. ही भाषा का चुकते हे कळायला त्या निरोपांकडेच पाहावं लागतं.

पांढऱ्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात, हे १९७० च्या दशकात वेगवेगळ्या प्रयोगशाळांना स्वतंत्रपणे आढळत होतं. जो तो आपल्या रसायनाला आपलं नाव देत होता. कुणी ताप आणणारा घटक म्हणे, कुणी पेशी जागवणारा. आणि पुष्कळदा दोघं एकाच रेणूबद्दल बोलत असत. १९७९ साली स्वित्झर्लंडमधल्या एर्माटिंगेन गावी भरलेल्या बैठकीत हा गोंधळ मिटवायचं ठरलं. 'ल्युको' म्हणजे पांढऱ्या पेशी, 'इंटर' म्हणजे त्यांच्या दरम्यान, म्हणून इंटरल्युकिन. सुरुवातीला दोनच होते, एक आणि दोन. आज ही यादी चाळिशीच्या आसपास पोचली आहे, आणि हे निरोप फक्त पांढऱ्या पेशीच धाडतात असंही राहिलेलं नाही. त्वचा, चरबी, स्नायू, आतड्याचं अस्तर, सगळेच या बोलण्यात सामील असतात.

हे बोलणं आपल्या चांगल्या ओळखीचं आहे, फक्त त्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं. घशात जंतू शिरतो, तिथल्या भक्षक पेशी त्याला ओळखतात आणि इंटरल्युकिन-१ व इंटरल्युकिन-६ सोडतात. त्यांच्या सांगण्यावरून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसजवळ प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि शरीराच्या तापमानाचा काटा वर सरकतो. आपल्याला हुडहुडी भरते, आपण दुलई ओढतो, आणि ताप चढतो. पॅरासिटामॉलने ताप उतरतो तो ते प्रोस्टाग्लँडिन कमी झाल्यामुळे. इंटरल्युकिन-८ रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींना जखमेकडे बोलावतं. गळवात साठलेला पू म्हणजे त्या हाकेला ओ देऊन आलेल्या आणि तिथेच मेलेल्या पेशी. इंटरल्युकिन-६ यकृताला सांगतं की सी-रिॲक्टिव्ह प्रथिन बनव. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्या घराघरांत "सीआरपी किती आला?" हा प्रश्न विचारला जात होता. तो आकडा म्हणजे इंटरल्युकिन-६ ने यकृतापर्यंत पोचवलेल्या निरोपाची पावती होती.

या निरोपांत 'चला' सांगणारे आहेत तसे 'थांबा' सांगणारेही आहेत. इंटरल्युकिन-१० हे त्यातलं मुख्य. ज्या उंदरांत ते बनतच नाही त्यांची आतडी सुजून सोलवटतात, कारण आतड्यातल्या रोजच्या, निरुपद्रवी जंतूंविरुद्ध सुरू झालेलं युद्ध थांबवायला कुणी उरत नाही. काही बाळांत या निरोपाचा ग्राहकच, म्हणजे पेशीवरचा तो निरोप टिपणारा रेणूच, जन्मतः बिघडलेला असतो. ती पहिल्या काही महिन्यांतच आतड्याच्या भयंकर दाहाने आजारी पडतात. या बाळांची प्रतिकारशक्ती कमी म्हणायची की जास्त? टाकीच्या भाषेत या प्रश्नाला उत्तरच नाही.

इंटरल्युकिन-२ ची कथा तर मला फार महत्त्वाची वाटते. १९७६ मध्ये हा रेणू सापडला तो टी पेशींची, म्हणजे पांढऱ्या पेशींतल्या एका प्रकाराची, वाढ करणारा म्हणून. प्रयोगशाळेत तो घातला की टी पेशी टिकतात, दुपटीने वाढतात. 'प्रतिकारशक्ती वाढवणारं' असं ज्याला खरोखर म्हणता येईल असं काही जगात असेल तर ते हे. अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी कर्करोगाच्या रुग्णांना ते मोठ्या मात्रेत दिलं, आणि १९९२ मध्ये पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यताही मिळाली. थोड्या रुग्णांच्या गाठी पूर्ण विरघळल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. पण त्यासाठी रुग्णाला अतिदक्षता विभागासारख्या देखरेखीखाली ठेवावं लागे. बारीक रक्तवाहिन्या गळू लागत, रक्तदाब कोसळे, फुप्फुसांत पाणी भरे. प्रतिकाराचा जोर सचमुच वाढवला की शरीराची अशी अवस्था होते. डब्यावर 'बूस्टर' लिहिणाऱ्याच्या मनात हे चित्र नसतं. त्याच्या पावडरीने खरोखर असं काही घडलं असतं, तर ती किराणा दुकानात ठेवताच आली नसती.

मग उलट प्रयोग झाला. इंटरल्युकिन-२ नसलेले उंदीर तयार करण्यात आले. अपेक्षा ही की ते संसर्गाने पटापट मरतील. झालं असं की त्यांचा प्रतिकार आवरेनासा झाला आणि स्वतःच्याच शरीरावर उलटला. याचा उलगडा जपानच्या शिमोन साकागुची यांच्या कामातून झाला. १९९५ मध्ये त्यांनी दाखवलं की टी पेशींतला एक छोटा गट इतर टी पेशींना आवर घालतो, आणि त्या गटाची खूण म्हणजे इंटरल्युकिन-२ च्या ग्राहकाचाच एक भाग. आवर घालणाऱ्या या पेशी त्याच निरोपावर जगतात. ज्याला सगळे सैन्याचा शिधा समजत होते, तो पोलिसांचाही शिधा निघाला. या शोधासाठी साकागुची, मेरी ब्रुन्कॉव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चं नोबेल मिळालं.

इंटरल्युकिन-६ ही काही खलनायक नव्हे. आपण भरभर चालतो, दोरीच्या उड्या मारतो, तेव्हा स्नायू स्वतः ते रक्तात सोडतात, आणि लांबच्या धावेनंतर त्याची पातळी कित्येक पटींनी वाढलेली असते. ते व्यायामानंतर उतरतं आणि त्यामागून दाह शमवणारे निरोप जातात. तोच रेणू वहिनीच्या गुडघ्यात महिनोन्महिने मुक्काम ठोकून बसला की हाड झिजवतो. कुठे बोललं गेलं, किती वेळ आणि कुणाच्या कानावर पडलं, यावर निरोपाचा अर्थ ठरतो. अशा गोष्टीला 'वाढवा' किंवा 'कमी करा' असा एका क्रियापदाचा हुकूम कसा द्यायचा?

तो देऊन पाहिल्याचा एक प्रसंग नोंदलेला आहे. १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात सहा धडधाकट तरुणांना टीजीएन१४१२ या नव्या औषधाची पहिली मात्रा दिली गेली. प्राण्यांना जी मात्रा सोसली होती तिच्या पाचशेव्या हिश्शाइतकी ती होती. औषध टी पेशींना थेट जागं करणारं होतं. दीड तासाच्या आत सहाही जण डोकेदुखी, ओकाऱ्या आणि तापाने तळमळू लागले, आणि पुढे त्यांचे एकेक अवयव निकामी होऊ लागले. सगळे वाचले, पण त्यांतल्या एकाला हातापायांच्या बोटांचे भाग गमवावे लागले. इंटरल्युकिनसारख्या निरोपांना सायटोकाइन म्हणतात, आणि ते असे आवरेनासे झाले की त्याला सायटोकाइन वादळ. हा शब्द आपण करोनात ऐकला. वैद्यकाने ते वादळ त्याआधी असं पाहिलं होतं.

करोनाच्या काळाबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण ती शिकवणी आपण फार मोल देऊन घेतली आणि धडा मात्र घेतला नाही. २०२१ च्या त्या दोन महिन्यांतलं एखादं घर आठवून पाहा. स्वयंपाकघरात काढा उकळतोय, मेडिकलमधून जस्ताच्या आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आल्यात, सोसायटीने वाटलेली आर्सेनिकम अल्बम या होमिओपॅथीच्या औषधाची बाटली देवघराशेजारी आहे. सगळं प्रतिकारशक्ती 'वाढवण्यासाठी'. आणि त्याच घरातला मुलगा गाडीवरून शहरभर फिरतोय टॉसिलिझुमॅबच्या इंजेक्शनसाठी, कारण वडिलांचा ऑक्सिजन उतरलाय. त्या एका कुपीची किंमत सुमारे ४० हजार रुपये होती आणि काळ्या बाजारात ती कित्येक पटींनी विकली जात होती. ते इंजेक्शन करतं काय? इंटरल्युकिन-६ चा ग्राहक अडवतं. म्हणजे एकाच छताखाली एका खोलीत प्रतिकार वाढवण्याची धडपड आणि दुसऱ्या खोलीत तोच प्रतिकार आवरण्यासाठी जिवाचा आकांत. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे त्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं. आजही सांगितलेलं नाही.

संबंध ब्रिटनमधल्या, करोनावरची औषधं रुग्णांवर तपासणाऱ्या 'रिकव्हरी' नावाच्या चाचणीने स्वच्छ दाखवला होता. जून २०२० मध्ये तिचा निकाल आला की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्वस्तातलं स्टेरॉइड दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांतले सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नाही त्यांना मात्र काहीही फायदा नाही. पुढच्या वर्षी टॉसिलिझुमॅबचाही निकाल आला: ऑक्सिजन उतरलेल्या आणि सीआरपी चढलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ३५ टक्क्यांवरून ३१ वर आलं. जीव वाचवणारी गोष्ट, पण चमत्कार नव्हे, आणि तीही योग्य माणसाला योग्य वेळी दिली तरच. आजाराच्या पहिल्या आठवड्यात शरीराला विषाणूशी लढणारे निरोप हवे असतात. काहींच्या बाबतीत दुसऱ्या आठवड्यात तेच निरोप थांबेनासे होतात आणि तेव्हा त्यांना आवरावं लागतं. औषध तेच, आठवडा वेगळा, परिणाम उलट.

आपल्याकडे ऑक्सिजन ९७ असलेल्या, घरीच विलगीकरणात असलेल्या माणसांना तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्टेरॉइड सुरू झाली. व्हॉट्सॲपवरून चिठ्ठ्या फिरत होत्या. साखर वाढली, बुरशीला रान मोकळं मिळालं, आणि म्युकर आला. महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांत त्याचे सर्वाधिक रुग्ण होते. कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा वरचा जबडा. त्यामागे अनियंत्रित मधुमेहाचा मोठा हात होता हे खरं. पण प्रतिकार कधी हवा आणि कधी आवरायचा याचं भान समाजात थोडं जरी असतं, तर निदान काही जणांनी ती चिठ्ठी पाहून विचारलं असतं, "माझा ऑक्सिजन चांगला आहे, मग हे मला आत्ताच कशाला?"

गुळवेलीबद्दलही बोललं पाहिजे, कारण ती माझ्या घरात शिरली होती. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि तिचं स्वरूप शरीराने स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखं होतं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की वनस्पती नीट ओळखली गेली नसावी, तिच्याच जातकुळीतली दुसरी वेल असेल. त्यानंतर देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या अनेकांत आधीपासून दबून असलेला स्वप्रतिकाराचा आजार उघडा पडला होता. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यांना काही झालं नाही, हेही मी मान्य करतो. पण ज्यांचा प्रतिकार आधीच काठावर उभा आहे अशा माणसांच्या हाती 'वाढवणारं' म्हणून काहीही देताना डब्यावर एक ओळ इशाऱ्याची नसावी?

आयुर्वेदाच्या अभ्यासकांना हे त्यांच्यावरचं आक्रमण वाटू नये. आयुर्वेदाने निरोगी माणसाची व्याख्या केली तिची सुरुवातच 'समदोषः समाग्निश्च' अशी आहे. त्यात वाढवण्याची भाषा नाही, समतेची आहे. आजाराला तोंड देण्याच्या गुणाला त्यांनी नाव दिलं 'व्याधिक्षमत्व', आणि त्यातल्या 'क्षम'मध्ये सोसण्याचा अर्थ आहे. या शब्दात आधुनिक विज्ञान दडलंय असा दावा मी करणार नाही. एवढंच म्हणतो की 'बूस्टर' हा शब्द वाग्भटाच्या परंपरेतून आलेला नाही, तो डब्यावरून आला आहे.

आता माझ्याविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा. काहींची प्रतिकार यंत्रणा खरोखर दुबळी असते, त्यांचं काय? असते. मेळघाटातल्या कुपोषित मुलाची थायमस ग्रंथी, जिथे टी पेशी घडतात, ती आक्रसते. साधा गोवरही त्याला झेपत नाही. इंटरल्युकिन-१२ चा ग्राहक जन्मतः नसलेल्या मुलांना बीसीजीच्या लशीतला निरुपद्रवी जंतूही आजारी पाडू शकतो, कारण क्षयाच्या कुळातल्या जंतूंना कोंडून ठेवण्याचा निरोपच पोचत नाही. जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे एक भारतात आहे, त्यामुळे आपल्याकडे प्रतिकार आवरणारी भारी इंजेक्शनं सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करतात, ते अगदी बरोबर आहे. आवरण्यालाही किंमत असते. पण कुपोषित मुलाला हवं असतं ते अन्न. जस्त कमी असेल त्याला जस्त, ड जीवनसत्त्व कमी असेल त्याला ते. उणीव भरणं वेगळं आणि भरलेल्यात ओतत राहणं वेगळं. जाहिरात मात्र नेमकी ज्याच्या ताटात सगळं आहे त्याच्याशी बोलते.

कायद्यात या भाषेसाठी एक मोठं भगदाड आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याचा रोख ठरावीक आजार बरे करण्याच्या दाव्यांवर आहे. 'प्रतिकारशक्ती वाढवते' हे वाक्य कुठल्याच आजाराचं नाव घेत नाही, म्हणून अलगद निसटतं. अन्नपदार्थांवरच्या दाव्यांना शास्त्रीय आधार हवा, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियम सांगतात. पण 'प्रतिकारशक्ती' ही मोजायची कशात, हेच न ठरवता आधार मागितला तर कुठलाही कागद आधार म्हणून चालून जातो. म्हणून मला वाटतं की हे मोघम वाक्य वापरायलाच मनाई असावी. काय वाढतं, कुणात, किती, आणि त्याने कुठला संसर्ग खरोखर कमी झाला, हे सांगता येत असेल तर सांगावं. आणि प्रत्येक डब्यावर ठळक मराठीत असावं: आमवात, ल्युपस, सोरायसिस यांसारखा आजार असलेल्यांनी आणि अवयव बदललेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ज्याला भावाचं मूत्रपिंड मिळालं आहे तो माणूस रोज टॅक्रोलिमस घेतो, ते टी पेशींनी इंटरल्युकिन-२ बनवू नये म्हणूनच. त्याच्या हाती 'बूस्टर' ठेवणारा कोण, तर बहुधा त्याच्यावर जीव लावणारा नातेवाईकच.

या विज्ञानाने काय दिलं आहे तेही सांगितलं पाहिजे. ओसाकाचे तादामित्सु किशिमोतो यांनी इंटरल्युकिन-६ चा माग काढला. त्यातून टॉसिलिझुमॅब आलं आणि २००८ मध्ये जपानने ते आमवातासाठी मान्य केलं. २०१२ मध्ये फिलाडेल्फियात रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या सहा वर्षांच्या एका मुलीला कार-टी उपचार दिले गेले, म्हणजे तिच्याच टी पेशी प्रयोगशाळेत बदलून कर्करोगावर सोडल्या गेल्या, आणि ती सायटोकाइन वादळात सापडली. तपासणीत इंटरल्युकिन-६ प्रचंड वाढलेलं दिसलं. संशोधक कार्ल जून यांच्या स्वतःच्या मुलीला सांध्यांचा आजार होता, त्यामुळे त्यांना हे औषध माहीत होतं. ते दिल्यावर काही तासांत मुलीचा ताप उतरला आणि पुढे ती कर्करोगातूनही बाहेर आली. आज मुंबईत आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभं राहिलेलं, २०२३ मध्ये मान्यता मिळालेलं देशी कार-टी दिलं जातं. असे उपचार देताना टॉसिलिझुमॅब हाताशी ठेवावंच लागतं.

वहिनी पुन्हा मेथोट्रेक्सेटवर आहे. तिच्या डॉक्टरबाईंनी गोळी परत सुरू करताना यकृताची तपासणी केली, आणि नंतर न्यूमोनियाची लस घ्यायला लावली. ही लस तिच्या पेशींना एका ठरावीक जंतूची ओळख करून देते, बाकी काही ढवळत नाही. या लशीबद्दल आमच्या गल्लीत कुणालाच माहिती नव्हती. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, ही मलाही घ्यायची असते का? त्यांचं वय ६८ आहे आणि मधुमेह आहे. सोमवारी मी त्यांना घेऊन डॉक्टरबाईंकडे जाणार आहे.